बोटं माझी, मान अक्कांची

एका व्हिडिओत मान आमच्या समोरच्या अक्कांची आहे, हात माझ्या नातीचे आहेत आणि आवाज माझ्या बोटांचा आहे. हा उद्योग मी तीन वर्षांपूर्वी केला, पूर्ण शुद्धीत केला आणि दोन महिने कोणाला कळू दिला नाही. तेव्हा मी बहात्तर वर्षांची होते, म्हणजे पोरवयच. आता पंचाहत्तरीत आल्यावर त्या बाईला समोर बसवून चार शब्द सुनवावेत असं फार वाटतं. पण तिनं ऐकलं नसतं. तिला सगळं येत होतं. फोनमधलं तर विशेषच. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून कानाला हेडफोन लावून बसलेली बाई, त्यामुळे तिची समजूत अशी की हातात मावणारा फोन हा त्याच जातीचा, फक्त बारका प्राणी.

नात माझी कायरोप्रॅक्टर आहे. हा शब्द मला धड म्हणता यायला सहा महिने लागले, आणि आमच्या अख्ख्या मल्लेश्वरम भागाला तो अजून म्हणता येत नाही. परदेशात बरीच वर्षं शिकून ती परत आली आणि आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर तिनं दवाखाना थाटला. मान, पाठ, कंबर अवघडलेली माणसं यायची, ती आधी तासभर तपासायची, प्रश्न विचारायची, मग हातांनी सांधे मोकळे करायची. औषध नाही, सुई नाही. आमचे लोक विचारत, "म्हणजे फिजिओ का?" ती म्हणे, नाही. "मग मालीश?" नाही. "मग हाडवैद्य म्हण की सरळ." यावर ती मोठा श्वास घेऊन समजावायला लागे, आणि तिचा श्वास पुरा व्हायच्या आत मी म्हणे, "हो हो, तसंच समजा." नंतर घरी येऊन बोलणी मी खायची.

मुलगा आणि सून नोकरीपायी तिकडेच. इथल्या घरात आम्ही दोघीच. आली त्याच दिवशी तिनं बॅग उघडायच्या आधी सांगितलं होतं, "अज्जी, वर्षभर बघते. दवाखाना चालला तर इथेच राहीन. नाही चालला तर परत जाईन." मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं. तोंडानं सरी म्हटलं आणि त्याच रात्री कॅलेंडर काढून ती परत जायला किती दिवस उरले ते मोजायला बसले. माझ्या पुढच्या सगळ्या मूर्खपणाचं मूळ एवढंच आहे. ते सांगून मी सवलत मागत नाही, पण वाचणाऱ्याला माहीत असावं.

चार महिने झाले तरी शिंप्याकडे गर्दी आणि माडीवर शांतता. मग शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या सर्जापूर रोडवरून एक सल्लागार बाई आली. सोशल मीडियावर दवाखान्यांची नावं वाजवणं हा तिचा धंदा. अर्ध्या तासात तिनं तीन वेळा घड्याळ पाहिलं, कारण तिला तेवढाच रस्ता परत कापायचा होता. म्हणाली, "बोर्ड बघून कोणी जिना चढत नाही, मॅडम. आठवड्याला तीन रील हवेत. आणि त्यात आवाज हवा. मान वळवली की कट् असं ऐकू आलं पाहिजे. लोक तो आवाज ऐकायलाच येतात."

नात म्हणाली, "आवाज कधी येतो, कधी नाही. सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा असतो, त्याचा तो आवाज. माणूस बरं वाटण्याशी त्याचा संबंध नाही."

"तुमचं बरोबर आहे," ती बाई म्हणाली. "पण बरोबर कोण बघतं?"

नातीनं तिला कॉफी पाजली आणि जिन्यापर्यंत सोडून आली. परत वर येऊन मला म्हणाली, "अज्जी, दवाखान्याचं फोनवरचं पान तू सांभाळशील? तुला वेळ आहे. मला दाखवत बसू नकोस. फक्त खोटं काही लिहू नकोस."

मी तो शब्द पाळला. मी लिहिलं काहीच खोटं नाही.

सुरुवातीला मी फार सज्जनपणे वागले. खुर्चीत कसं बसावं, उशी किती उंच असावी, पाण्याची घागर कशी उचलावी, असं कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लिहून टाकत असे. एकेका मजकुरासाठी सकाळ जायची. उशीचा फोटो काढण्यासाठी मी तीन उशा बदलल्या आणि एकीला नवा अभ्रा शिवून घेतला. बघायचं कोण तर नातेवाईक. यशवंतपूरच्या बाजारात कांद्याची आडत असलेले आमचे एक भाऊजी प्रत्येक गोष्टीला लाल बदाम पाठवत. 'आज दवाखाना बंद राहील' याला बदाम. 'कंबरदुखीकडे दुर्लक्ष करू नका' याला बदाम. मी फोन करून विचारलं, "अण्णा, वाचता का तरी?" तर म्हणाले, "वाचायला वेळ कुठाय वहिनी, पण आपल्या पोरीचं आहे म्हणून दाबतो." बाकीच्या बायका हळदीकुंकवाला तिला गाठत, पानसुपारी हातात असतानाच पदर बाजूला करून म्हणत, "जरा मान बघ ग माझी." हे फुकटचे पेशंट. बदाम पाठवणारे जिना चढत नाहीत, आणि जिना न चढणाऱ्यांची मान आमच्या दिवाणखान्यात बघायची. याला म्हणे मार्केटिंग.

आणि दुसऱ्या बाजूला त्या फोनवर कोण कुठला दाढीवाला कोणाची तरी मान ऊस मोडल्यासारखी कडाकड मोडतोय आणि लाखो लोक ते पाहताहेत. माझा जळफळाट व्हायचा. माझी पोरगी एवढी शिकलेली, हात एवढा हलका, आणि तिच्या उशीला भाऊजींचा एक बदाम.

तेव्हा मी अक्कांना तयार केलं. अक्का म्हणजे समोरच्या घरातल्या, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांची मान खरंच अवघडलेली होती आणि नातीचे उपचार चालू होते. व्हिडिओला त्या लगेच हो म्हणाल्या, अट एकच, साडी नीट दिसली पाहिजे. दवाखान्यात आल्या त्या मैसूर सिल्क नेसून, केसांत मोगरा माळून. नातीनं पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

नातीनं नेहमीसारखं काम केलं. सावकाश मान धरली, वळवली, थांबली, पुन्हा वळवली. तीनदा. आवाज काही आला नाही. अक्का उठल्या, मान इकडेतिकडे करून म्हणाल्या, "स्वल्प हलकं वाटतंय." झालं. मी घरी येऊन तो व्हिडिओ पाहिला. देवळातल्या गाभाऱ्यासारखा शांत. वर पंखा तेवढा घरघरतोय.

आता इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. नात जन्मली तेव्हापासून ती घराबाहेर पडताना मी तिची दृष्ट काढते. मीठमोहऱ्या सणासुदीला, रोज नुसते हात. दोन्ही तळवे तिच्या चेहऱ्यावरून फिरवायचे आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची. जेवढी बोटं वाजतील तेवढी दृष्ट उतरली. ती शाळेत जाताना वाजली, कॉलेजात जाताना वाजली, विमानतळावर शिपाई बघत असताना वाजली. माझी बोटं या कामात इतकी तयार झालीत की शेजारच्या खोलीत ऐकू जातात.

तर त्या दुपारी मी स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि बोटं मोडायला गेले. एकही वाजेना. कुकरची शिट्टी तेवढी आली. मग लक्षात आलं की कोणाची तरी दृष्ट काढल्याशिवाय ही वाजायची नाहीत. नातीचा पदवीचा फोटो भिंतीवरून काढून समोर ठेवला, त्याच्यावरून हात फिरवले आणि कानशिलावर बोटं टेकवली. दहापैकी सात कडाडली. ती सातही मी व्हिडिओत घातली. अक्कांची मान वळते तीनदा, वाजते सातदा. हे कोणाला खटकलं नाही, यावरून जगाची परीक्षा करावी.

तीन दिवसांत तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. जिन्यावर चपलांची रांग लागली. शिंपी तक्रार करायला वर आला आणि स्वतःची कंबर दाखवून गेला. मी इतकी फुशारले की काय सांगू. संध्याकाळी चालायला जाताना मी मुद्दाम दवाखान्यावरून जायची, चपला मोजायची.

नात मात्र चक्रावली होती. एकदा जेवताना विचारलं, "अज्जी, अक्कांच्या मानेतून आवाज आला होता का? लोक सारखं तेच म्हणतात. मला आठवत नाही."

"तू कामात होतीस," मी म्हटलं. "तुला कसा ऐकू येणार?"

आणि वर तिला भात वाढला. दवाखान्यात फोनचा आवाज कायम बंद ठेवायची तिची शिस्त, त्यामुळे तिनं व्हिडिओ पाहिला तोही मुका. माझ्यावर विश्वास ठेवून पुढचा घास घेतला. तो घास मला अजून दिसतो.

पुढे डोकेदुखी सुरू झाली. येणारा प्रत्येक जण मान पुढे करून म्हणे, मला तसं करा. ती तपासून सांगे की तुमच्या मानेला याची गरज नाही, तुम्ही कॉम्प्युटरचा पडदा वर घ्या आणि खुर्ची बदला. की त्यांचा चेहरा पडे. एकानं बरं वाटल्यावरही लिहिलं, 'उपचार ठीक, आवाज आला नाही', आणि एकच तारा दिला. कंबर दुखणारा मान मोडून मागे, गुडघा दुखणारा मान मोडून मागे. ती दिवसभर तेच तेच समजावून घसा बसलेली घरी येई, आणि मी आल्याचा काढा करून देई. कारस्थान माझं आणि काढाही माझाच.

अक्कांचं वेगळंच. त्यांनी व्हिडिओ आवाजासकट पाहिला आणि त्यांना त्या सात कडाक्यांचा अभिमान झाला. भाजीवालीला सांगत, "माझ्याच मानेतून आले. मला कळलंसुद्धा नाही, हातच असा तिचा." मी शेजारी उभी राहून कोथिंबीर निवडायची.

दोन महिने झाले असतील. एका सकाळी मी दवाखान्यातच बसले होते, फोनवर लोकांना उत्तरं देत. जिन्यावरून एक तिशी-पस्तिशीचा मुलगा आला, सर्जापूर रोडकडून, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. बरोबर त्याची आई. माझ्याच वयाची, साताऱ्याकडून मुलाकडे आलेली. मान एका बाजूला धरून ती एकेक पायरी चढत होती, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी.

मुलगा नातीला म्हणाला, "ॲक्चुअली आईची मान थोडी स्टिफ होती. तुमचं रील पाहून मी घरीच ट्राय केलं. सेम अँगलनं. पण आवाज येईना, म्हणून जरा जोरात..."

तो गळ्यातल्या ओळखपत्राशी चाळा करायला लागला.

नातीनं त्या बाईंना खुर्चीत बसवलं, हातांची बोटं हलवायला सांगितली, मुंग्या येतात का विचारलं, डोळ्यांत पाहिलं. मानेला हात लावला नाही. दोन बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून दिल्या, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा. आधी मानेचा एक्स-रे काढा. गाडी हळू चालवा."

ती बाई जाताना माझ्यापाशी थांबली. मान वळवता येत नव्हती म्हणून अख्खी वळली. म्हणाली, "पोराला रागावू नका. मीच म्हटलं त्याला, वाजेपर्यंत कर. वाजल्याशिवाय काय खरं नाही."

ती गेली. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. मला ते सहन होईना. मी उठून दार लावलं आणि नातीला म्हटलं, "तो आवाज माझ्या बोटांचा आहे."

तिला समजलं नाही. मी फोन काढला, आवाज मोठा केला, व्हिडिओ लावला. सातव्या कडाक्यानंतर तिनं तो बंद केला. मग तिनं माझे हात पाहिले.

"किती जणांना माहितीय?"

"मला एकटीला."

"अक्कांना?"

"नाही. त्यांना खरंच वाटतंय."

ती खुर्चीत बसली, मघाशी ती बाई बसली होती त्याच. म्हणाली, "मी रोज चाळीस वेळा सांगते की आवाजाला काही अर्थ नाही. आणि तू माझ्या हाताखाली तुझी बोटं ठेवलीस."

मी म्हटलं, "तू परत जाशील म्हणून केलं."

"मग आता जाऊ नको कशासाठी?"

तीस वर्षं लोकांची उत्तरं जोडून देणारी मी बाई उठले आणि लावलेलं दार पुन्हा उघडलं. हॉस्पिटलातून काही कळलं नव्हतं. दुपारभर आम्ही दोघी एका खोलीत बसलो. आलेल्या पेशंटना तिनं तपासलं, मी दार उघडलं आणि लावलं. माझ्या डोळ्यांसमोर ती घागर धरल्यासारखी मान. मी मनात त्या बाईची दृष्ट काढत होते. पण हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

पाच वाजता मुलाचा फोन आला. हाड शाबूत होतं. स्नायू दुखावला होता, तीन आठवडे पट्टा आणि विश्रांती. नातीनं फोन ठेवला आणि तोंड धुवायला आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

बाहेर येऊन तिनं मला तीन गोष्टी सांगितल्या. व्हिडिओ काढायचा. खरं काय ते सांगणारा नवा टाकायचा, त्यात मी बोलायचं. आणि अक्कांना मी स्वतः जाऊन सांगायचं.

पहिल्या दोन सोप्या होत्या. नव्या व्हिडिओत मी खुर्चीत बसून बोटं मोडून दाखवली आणि म्हटलं, हा आवाज मानेचा नाही, माझा आहे, घरी कोणाची मान वळवू नका, मी चुकले. तो बघितला शंभरएक जणांनी. खोटं बघायला अख्खं शहर, खरं बघायला आमचे सोयरे. भाऊजींनी त्यालाही बदाम पाठवला. जिन्यावरच्या चपला आठवड्यात निम्म्या झाल्या आणि महिन्यात त्याहून निम्म्या.

अक्कांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सातातला एकही माझा नव्हता?"

"नाही, अक्का."

"एखादा तरी?"

त्या माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. सोळाव्या दिवशी मान दाखवायला दवाखान्यात मात्र गेल्या, साध्या सुती साडीत. मला हे नातीकडून कळलं.

घरात आम्ही बोलत होतो, पण कामापुरतं. डबा घेतलास का, गॅस संपलाय, असं. सकाळी ती निघाली की मी दारापर्यंत जाई आणि पदराला हात पुसत उभी राही. दृष्ट काढायची सवय तीस वर्षांची, पण हात वर जाईनात. ज्या बोटांनी मी तिचं नाव वाजवून खाली पाडलं ती बोटं तिच्या कपाळाशी कुठल्या तोंडानं न्यायची? तिनंही मागितलं नाही. लिफ्ट नसलेल्या घरात जिना उतरायला फार वेळ लागतो, हे मला त्या दिवसांत समजलं. चपलेचा शेवटचा आवाज येईपर्यंत मी आत वळत नसे.

तीन आठवडे उलटल्यावर साताऱ्याची बाई परत आली. मुलगा नाही, रिक्षातून एकटी. तिला पट्टा सुटल्यावरचे व्यायाम शिकायचे होते. ते शिकून गेली आणि सर्जापूर रोडच्या त्यांच्या इमारतीतल्या बायकांना तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण पुढे तिथून एकेक बाई यायला लागली. त्या बायका आवाज मागत नव्हत्या. मी हे पानावर लिहू का म्हणून विचारलं, तर नात म्हणाली, "नको." मी नाही लिहिलं. त्या बहात्तर वर्षांच्या बाईनं लिहिलं असतं आणि खाली तीन बदाम काढले असते.

मग वर्ष भरलं. माडीचा करार संपत होता आणि घरमालकानं सकाळी दहाला बोलावलं होतं, पुढचं काय ते बोलायला. विचारायचा हक्क मी घालवला होता. भाकरी करताना दोन करपवल्या, तिनं त्या मुकाट्यानं खाल्ल्या. तिनं पिशवीत ओळखपत्र टाकलं, दोन फोटो टाकले, पेन शोधलं. सही करणाऱ्या माणसाची तयारी आणि जागा सोडणाऱ्या माणसाची तयारी एकसारखीच दिसते, हे मी तेव्हा पाहिलं. मग शेवटी तिनं नव्या करारासाठी आणलेला कोरा स्टॅम्पपेपर टेबलावरून उचलून पिशवीत ठेवला.

मी दारापर्यंत गेले. न कळत दोन्ही हात वर गेले, तिच्या चेहऱ्यापर्यंत गेले, आणि तिथेच मला आठवलं. मी ते खाली घेतले आणि पदराला पुसायला लागले, हात कोरडेच असताना.

ती उंबऱ्यावर थांबली. चप्पल घातलेली, पिशवी खांद्याला. मान माझ्यासमोर थोडी वाकवून म्हणाली:

"मोड की, अज्जी. कॅमेरा बंद आहे."